ऐकणारीचे दुःख आणि सांगणारीचा हक्क
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी "या वेळी मनातले बोला" असा आग्रह धरला, म्हणून आजवर झाकून ठेवलेली एक गोष्ट आपणांपुढे सांगण्याचे धाडस करते.

यजमान गेल्यावर मला रात्र रात्र झोप येईना. मुलीने मला एका समुपदेशक बाईंकडे नेले. पहिल्याच भेटीत त्या म्हणाल्या, "मीही यातून गेले आहे." केवढा आधार वाटला! पण पुढे दर भेटीत त्यांचेच दुःख वाढत गेले. त्यांचे सासर, त्यांचा मुलगा, घराच्या वाटणीचा तंटा. मी त्यांची समजूत घाली, फी देई आणि घरी येई. आपण रडलो तर बाईंना आणखी त्रास होईल, म्हणून मी रडूही आवरू लागले. दुखवट्याला आलेल्या बाईने आपलेच रडगाणे लावावे, तशातली ही गत!

उपचार करणाऱ्याने स्वतःविषयी सांगावे की नाही, हा वाद जुना आहे. वैद्याने आरशासारखे असावे, असे फ्रॉइड यांनी १९१२ साली लिहिले. कार्ल रॉजर्स यांनी १९५७ साली उपचारकाचा खरेपणा आवश्यक मानला. माझी कसोटी साधी आहे: सांगितल्याने ओझे कोणाचे हलके झाले?

हे कळूनही मला बाईंना सोडवेना. शिंपी आपण सहज बदलतो. पण जिच्यापुढे मन उघडले, तिला सोडणे म्हणजे कृतघ्नपणा वाटतो. शेवटी धीर करून म्हणाले, "बाई, आधार दिलात, पण आता इथे माझे बोलायला जागा उरत नाही. मी दुसरीकडे जाईन म्हणते." त्या क्षणभर गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "हे माझ्याच ध्यानात यायला हवे होते." आणि त्यांनीच दुसरे नाव सुचवले.

नव्या बाईंना मी विचारले, "तुम्हांला मुले आहेत?" त्या म्हणाल्या, "दोन आहेत. हे का विचारावेसे वाटले?" आणि बोलणे पुन्हा माझ्याकडे आले. यजमानांचा चष्मा मी अजून उशाशी ठेवते, हे त्या दिवशी प्रथमच माझ्या तोंडून निघाले.

भगिनींनो, एखादे कटू सत्य ऐकून राग आला म्हणून लगेच उठून जाऊ नये. आधी बोलून पाहावे. पण कोणी आपले गुपित बाहेर फोडले, उसने पैसे मागितले किंवा नको ती सलगी केली, तर कारण सांगत बसू नये, तिथून निघावे. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून अमलात आहे. माहितीची गुप्तता, आपल्या उपचारांच्या नोंदी मिळणे आणि सेवेत उणीव असल्यास तक्रार करणे, हे हक्क त्याने दिले आहेत. मात्र एक जागा सोडली म्हणून उपचारच सोडू नयेत.

आपण साऱ्या जन्मभर दुसऱ्यांचे ऐकत आलो. आठवड्यातला तो एक तास तरी आपला असू द्या. तो मागताना भीड बाळगू नका, एवढेच सांगून मी आपली रजा घेते.