यजमान नसलेले घर



वसंतातल्या व्याख्यानांची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून अशा व्यासपीठांवरून धर्म, समाज, अर्थकारण, शिक्षण असे भारदस्त विषय मांडले गेले. आज आम्ही मात्र आपल्यापुढे दोन रात्रींच्या एका मुक्कामाची आणि दोन सकाळच्या न्याहारीची हकीकत घेऊन उभे आहो. विषय लहान आहे, हे आम्ही जाणतो. परंतु ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत राहणारे आपण लोक. वर्षभर गाडीच्या दाराशी लोंबकळायचे आणि सलग तीन दिवस सुटी मिळाली की कोकणची वाट धरायची, हा आपला क्रम. तेव्हा ही हकीकत आमची असली, तरी आपल्यापैकी अनेकांना ती स्वतःची वाटेल.

आमच्या घरी आमची आत्या असते. वय वर्षे एक्याऐंशी. तिचा जन्म दापोली तालुक्यातल्या समुद्रकाठच्या एका गावचा. सतराव्या वर्षी लग्न होऊन ती ठाण्यास आली, पुढे डोंबिवलीस आली आणि तिथेच राहिली. माहेरचे घर भावांनी केव्हाच विकून टाकले. गेल्या मार्गशीर्षात तिने एकाएकी इच्छा बोलून दाखविली की, एकदा समुद्राजवळच्या घरात निजावे आणि सकाळी उठून पडवीत बसून मऊ भात खावा. तिने देवळाचे नाव घेतले नाही, यात्रेचे घेतले नाही. मागितला तो भात!

आम्ही लागलीच शोध सुरू केला. हल्ली कोकणात गावोगाव 'घरगुती राहण्याची व जेवणाची सोय' अशा पाट्या दिसतात. त्यांतलाच एक प्रकार म्हणजे निवास आणि न्याहारी. इंग्लंडात समुद्रकाठच्या गावी घरवालीने वरची खोली प्रवाशास द्यायची आणि सकाळी त्याला अंडी, पाव, चहा वाढून मार्गस्थ करायचे, अशी जुनी रीत आहे. तिचाच हा अवतार. मोबाइलवर आम्हांला एक जाहिरात सापडली. कौलारू घर, पुढे पोफळीची बाग, खिडकीतून समुद्र, आणि खाली तीन शब्द : 'घरगुती कोकणी न्याहारी'. आत्याला ते चित्र दाखविले. तिने चष्मा पुसून ते दोनदा पाहिले. आम्ही पैसे आगाऊ भरले.

दिव्याहून पहाटे सुटणारी सावंतवाडीची गाडी धरून आम्ही खेडला उतरलो आणि तिथून एसटीने दापोलीमार्गे गावी पोहोचलो. घराला कुलूप होते. मालक गावात राहत नाहीत, आपल्यासारख्याच एका शहरात राहतात, हे शेजाऱ्याने सांगितले तेव्हा कळले. मालकांचा फोन लागेना. तासाभराने घर राखणारा माणूस किल्ली घेऊन धावत आला. तो दुसऱ्याच्या बागेत कामाला गेला होता. आम्ही येणार, हे त्याला दुपारी समजले होते. आत्या तोवर पडवीच्या पायरीवर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती.

पुढचे सगळे सांगून आपला वेळ घेत नाही. गाद्यांना ओल होती. पाणी तापवायचे यंत्र भिंतीवर होते, पण ते तापत नव्हते. समुद्र खिडकीतून नव्हे, गच्चीवरून दिसत होता. हे सारे आम्ही सोसले असते. चाळीत वाढलेल्या माणसाला गादीची ओल काय मोठी? परंतु सकाळी न्याहारी आली, ती म्हणजे कापलेला पाव, बाटलीतला जॅम आणि पुडीतला चहा. आम्ही विचारले, "कोकणी न्याहारी ती हीच का?" तो माणूस खाली पाहून म्हणाला, "साहेब, मालक दापोलीहून एवढंच सामान आणून ठेवायला सांगतात." आत्याने पावाचा एक तुकडा चहात बुडवून खाल्ला आणि ताटली बाजूला सारली. ती एक शब्द बोलली नाही. घरी डोंबिवलीलाही ती रोज तेच खाते.

घराच्या मागे दोन खोल्यांत त्या माणसाचे कुटुंब राहत असे. दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या काठी टेकीत मागच्या अंगणात गेली आणि त्याच्या बायकोशी बोलत बसली. कोणाचे माहेर कुठले, कोणती विहीर कोणाची, असे बायकांचे बोलणे. आम्ही गेलो तो चुलीवर पोरासाठी टाकलेला मऊ भात शिजत होता. ती बाई संकोचत म्हणाली, "आजी, आमच्यातला भात चालेल का तुम्हाला?" आत्या म्हणाली, "अगं, विचारतेस काय? वाढ." भातावर तूप नव्हते, मेतकूट नव्हते, मीठ आणि लिंबाच्या लोणच्याची एक फोड होती. आत्याने दोनदा मागून घेतला. बाईने त्याचे पैसे घेतले नाहीत.

इथवर हकीकत सुखान्त झाली असती. पण आम्ही शहरातले सुशिक्षित ग्राहक. परतीच्या गाडीत आम्ही मालकांना लांबलचक तक्रार लिहिली. कुलूप, ओल, थंड पाणी, जॅम, सारे क्रमाने मांडले. आणि शेवटी एक झणझणीत वाक्य लिहिले की, न्याहारी म्हणून अखेरीस आम्हांला आपल्या नोकराच्या घरचा भात खावा लागला! त्या वाक्यावर आम्ही खूश होतो. पनवेल येईपर्यंत ते आम्ही दोनदा वाचले.

चार दिवसांनी मालकांचे उत्तर आले. भाषा अत्यंत सौजन्याची होती. झाल्या प्रकाराबद्दल त्यांना खेद होता, निम्मे पैसे त्यांनी परत पाठविले होते, आणि कळविले होते की, पाहुण्यांना आपल्या घरचे अन्न देण्याची त्या जोडप्याला परवानगी नव्हती, सबब त्यांना काढून दुसरा माणूस नेमला आहे.

श्रोतेहो, तक्रारीत आमचे एकही विधान खोटे नव्हते. गैरसोय खरी होती, फसवणूकही खरी होती. आणि तरी शिक्षा झाली ती त्या घरात आम्हांला ज्या एकाच व्यक्तीने पाहुण्यासारखे वागविले, तिला. हे असे का झाले, याचा विचार आम्ही त्यानंतर पुष्कळ केला, आणि तोच आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

प्रवाशाला आसरा देणे ही गोष्ट आपल्या भागाला नवी नाही. कल्याण हे प्राचीन बंदर. तिथून मुरबाडवरून नाणेघाट चढून जुन्नरला जाण्याचा व्यापारी मार्ग होता. घाटाच्या माथ्याशी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे सातवाहनांचे लेणे आहे. भिंतींवर राजघराण्याचा प्रसिद्ध लेख आहे, आणि भिंतींच्या कडेने दगडाचे ओटे कोरलेले आहेत. जवळ पाण्याची टाकी आहेत. घाट चढून दमलेल्या माणसाने तिथे पाठ टेकली असेल, हे सांगायला संशोधक नको. तिथे गादी नव्हती. पण राजघराण्याचे नाव भिंतीवरच्या अक्षरांनी जगजाहीर केले होते. सोय कोणाची, हे लपलेले नव्हते.

पुढे इंग्रजी अमदानीत १८६७ साली सराया चालविणाऱ्यांसाठी कायदा झाला. त्यात सरायवाल्यावर कामे सोपविली होती, ती ऐकण्यासारखी आहेत : खोल्या, ओसऱ्या, मोऱ्या आणि विहिरी स्वच्छ ठेवाव्या, पहारेकरी नेमावे, आणि आकाराचे दर सर्वांना दिसतील असे लावावे. सराय बिघडली तर सरकार जाब विचारणार तो सरायवाल्याला, झाडूवाल्याला नव्हे.

आणि सरायही नसेल तिथे काय? पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. त्यांचा 'माझा प्रवास' आपल्यापुढे आला तो भारताचार्य चिंतामणराव वैद्यांमुळे. त्यांनी तो १९०७ साली प्रसिद्ध केला. वैद्य जन्माने कल्याणचे, हे या सभेत मुद्दाम सांगावेसे वाटते. त्या काळी परमुलखात प्रवाशाची सारी भिस्त वाटेत दार उघडणाऱ्या माणसांवर असे. दार उघडले तर माणूस समोर दिसे, आणि न उघडले तरी कोणी उघडले नाही ते कळे.

आता आमच्या मुक्कामाकडे वळू. केंद्र सरकारच्या पर्यटन खात्याची निवास-न्याहारी घरे नोंदविण्याची योजना आहे. तिच्यात एका घरी जास्तीत जास्त सहा खोल्या धरल्या आहेत, आणि मुख्य अट अशी की, मालकाने कुटुंबासह त्याच घरात प्रत्यक्ष राहिले पाहिजे. आपल्या राज्यातही 'निवास व न्याहारी' या नावाने अशी योजना चालत आली आहे. मालक घरात राहण्याची ती अट वाचली तेव्हा आमच्या डोक्यात प्रकाश पडला. गादी, नळ, खिडकी यांच्याही आधीची ही अट आहे. मालक घरात राहत असेल, तर नळ तापत नाही हे त्याला आमच्याआधी कळेल; त्याच्या घरी जे शिजते तेच आमच्या ताटात येईल; आणि चुकले तर तोंड दाखवायचे ते त्यालाच. आम्ही गेलो त्या घरी ही अट पाळली जात नव्हती. मालक शहरात, पैसे मालकाकडे, आणि पाहुण्याच्या समोर उभा तो माणूस, ज्याच्या हाती सामान आणण्याचाही अधिकार नाही. अशा घराला घरगुती म्हणणे म्हणजे विहिरीला पाणी नसता वर रहाट बसविण्यासारखे आहे.

कोणी म्हणेल, मग कोकणात खरी घरगुती सोय कुठे उरली आहे? उरली आहे. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला समुद्रकासवे अंडी घालायला येतात. चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेने २००२ पासून तिथे गावकऱ्यांना बरोबर घेऊन अंडी राखण्याचे काम केले. पुढे पिले समुद्रात जाताना पाहायला माणसे येऊ लागली, आणि गावाने त्यांना आपल्या राहत्या घरांत उतरवून घेतले. तिथे पाहुण्याने थाटाची अपेक्षा ठेवायची नसते. माजघरात सतरंजी पसरून निजायचे आणि घरात शिजेल ते पंगतीला बसून खायचे. पण घरात घरची माणसे असतात, आणि दोन पैसे मिळाले तर ते त्याच घरात राहतात.

आता थोडे आपल्या स्वतःबद्दल. त्या मालकांना नावे ठेवणे सोपे आहे. पण आपल्यापैकी कितीतरी जणांनी निवृत्तीचे पैसे घालून मुरबाडकडे, कर्जतकडे, कोकणात दुसरे घर बांधले आहे. वर्षातून दहा दिवस आपण तिथे जातो. उरलेले दिवस रिकामे का ठेवावे, म्हणून ते भाड्याने देतो, आणि राखायला गावातले एक जोडपे ठेवतो. यात गैर काही नाही. फक्त जाहिरातीत 'घरगुती' हा शब्द लिहिण्यापूर्वी आपण थांबावे. खोली भाड्याने मिळेल, असे सरळ लिहावे. किंवा राखणाऱ्या बाईलाच न्याहारीचे यजमानपण द्यावे. तिने तिच्या हातचे करावे, तिच्या नावाने वाढावे, आणि त्याचे पैसे तिच्या हाती पडावे.

आणि पाहुणे म्हणून आपण काय करावे? पैसे भरण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा : घरात कोण राहते? फसवणूक झाली तर तक्रार जरूर करावी. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीविरुद्ध दाद मागण्याचा हक्क आपल्याला दिला आहे, आणि तो वापरण्यात कमीपणा नाही. पण तक्रार लिहिताना, ज्याने जाहिरात केली आणि पैसे घेतले त्याचा दोष त्याच्याच पदरात घालावा, आणि ज्याने आपल्याला पाणी दिले त्याचे नाव चुकूनही त्या यादीत गुंफू नये. वाक्य झणझणीत झाले की ते कोणाला झोंबेल, याचा विचार लेखणी खाली ठेवण्यापूर्वी करावा. आम्ही तो केला नाही.

मालकांना आम्ही दुसरे पत्र लिहिले. त्या बाईचा काही दोष नव्हता, उलट तिच्यामुळेच आमचा मुक्काम सार्थकी लागला, असे स्वच्छ लिहिले. त्याला उत्तर आले नाही. आत्यापासून हे लपविणे बरे नव्हे, म्हणून तिला सारे सांगितले. तिने ऐकून घेतले आणि विचारले, "तिची चूक काय झाली? तिने मला भात दिला, ही?" आम्हांला उत्तर देता आले नाही. मग आत्याने घरी मेतकूट दळले, डबा भरला, आणि आम्ही त्या माणसाला फोन लावून पत्ता मागितला. ती माणसे आता गावातच भावाच्या घरी राहतात. डबा पोहोचल्याचा त्यांचा फोन आला. तो आजींची प्रकृती विचारून थांबला. नोकरीबद्दल तो काही बोलला नाही, आणि विचारण्याचे धैर्य आम्हांला झाले नाही.

भगिनींनो आणि बंधूंनो, सुटीचे दिवस जवळ आले आहेत. आपल्यापैकी पुष्कळांनी कुठल्या तरी घरी खोली राखून ठेवली असेल. आपला प्रवास सुखाचा होवो, आणि त्या घरी आपल्याला यजमान भेटो.