दाढ काढण्याआधी हृदयाचं सांगा



पाटण तालुक्यातल्या ज्या घरात हृदयविकाराचा रुग्ण आहे, तिथं त्याच्या गोळ्यांच्या वेळा घरातल्या सगळ्यांना पाठ असतात. मीठ कमी, तेलकट बंद, चढण जपून. पण त्याच्या हिरड्यांतून रक्त येतं का, हे कुणी विचारत नाही, आणि तोही आपणहून सांगत नाही. ते सांगायला हवं.

दातांवर साचणाऱ्या थरात असंख्य जंतू असतात. हिरड्या सुजलेल्या असल्या, की घास चावतानासुद्धा ते थोडे थोडे रक्तात शिरतात. निरोगी शरीर त्यांचा लगेच बंदोबस्त करतं. पण ज्यांच्या हृदयात कृत्रिम झडप बसवली आहे, ज्यांना पूर्वी हृदयाच्या आतल्या अस्तराला जंतुसंसर्ग झाला आहे किंवा ज्यांना काही प्रकारचे जन्मजात हृदयदोष आहेत, त्यांच्या हृदयात हे जंतू ठाण मांडू शकतात. हा आजार जिवावर बेततो. म्हणून अशा रुग्णांना दाढ काढण्याच्या अर्धा ते एक तास आधी प्रतिजैविकाचा एक डोस देतात. स्टेंट किंवा बायपास झालेल्यांना एरवी तो लागत नाही. कुणाला द्यायचा, हे डॉक्टरांनीच ठरवायचं.

दुसरी गोष्ट रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची. दाढ काढायची म्हणून काहीजण त्या स्वतःच बंद करतात. तसं कधीही करू नका. गोळी थांबली, तर स्टेंटमध्ये किंवा झडपेवर गुठळी होऊ शकते. दाढेतून येणारं रक्त बहुतेक वेळा कापसाचा बोळा दाबून, टाका घालून थांबवता येतं.

आता मायमाउल्यांसाठी. तव्यावर भाजलेल्या तंबाखूची मिशरी आपल्याकडे अजून घरोघरी लावली जाते. तिनं दात स्वच्छ होतात, हा समज खोटा आहे. तंबाखूतलं निकोटिन नाडी आणि रक्तदाब वाढवतं, शिवाय हिरड्या खराब होतात आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका राहतो. दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला आपल्या देशात 1992 पासून बंदी आहे. मग घरी भाजलेली तंबाखू तरी दातांना का लावायची?

मऊ ब्रश आणि फ्लोराइडची पेस्ट घेऊन सकाळी आणि रात्री झोपताना दोन-दोन मिनिटं दात घासा. रक्त येतं म्हणून घासणं सोडू नका, दंतवैद्यांना दाखवा. कवळी रात्री काढून धुऊन ठेवा. झडपेच्या रुग्णाला कारण नसताना ताप येत राहिला, तर अंगावर काढू नका.

कराडला दंत महाविद्यालय आहे, तिथं तपासणी होते. जाताना हृदयाची फाइल आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी पिशवीत घाला. खुर्चीत बसण्याआधी डॉक्टरांना स्पष्ट सांगा, “मला हृदयाचा त्रास आहे.”