शिडीच्या दोन पट्ट्यांवर

पेणजवळच्या सांकशी किल्ल्याच्या पायऱ्या तुटलेल्या आहेत. वरच्या टप्प्यांत उभ्या कातळांत खोदलेल्या खोबणींत बोटें रुतवून, चवडे टेकवून चढावें लागतें. श्रोत्यांपैकीं ज्यांनीं ही वाट केली असेल त्यांना त्या खोबणींचें मोल सांगावयास नको. कातळ पाय ठेवूं देत नसेल तर ती सोय माणसानें करून घ्यावी, ही कल्पना जुनीच आहे. फ्रान्सांत १४९२ सालीं आठव्या शार्ल राजाच्या आज्ञेवरून आंत्वान द व्हिल यानें माँ एगुई हा डोंगर शिड्या लावून सर केला. त्या कल्पनेचें आजचें रूप म्हणजे कृत्रिम आरोहण.

मुरलेल्या प्रस्तरारोहकाला ही विद्या सोपी वाटते आणि तेथेंच तो फसतो. नेहमींच्या चढाईंत शरीराचा भार हातापायांवर असतो. दोर आणि भेगेंत बसविलेले नट केवळ घसरल्यास सांवरण्यासाठीं. येथें त्याच नटाला नायलॉनच्या पट्टीची लहान शिडी टांगून तिच्यावर उभें राहावयाचें असतें. कातळाला बिलगण्याची वर्षानुवर्षांची संवय अशा वेळीं उपयोगी पडत नाहीं, उलट शीण आणते. कमरपट्ट्याला जोडलेल्या आंखूड पट्टीवर भार टाकून स्वस्थ बसावें व पुढची भेग न्याहाळावी, हें त्याला नव्यानें शिकावें लागतें.

नवा नट बसविल्यावर त्यावर एकदम चढूं नये. खालच्या नटावर उभें राहूनच शिडी नव्याला अडकवावी, एका पायानें हळू दाबावें, मग वाढते हिसके द्यावेत. त्या वेळीं तोंड बाजूला वळवावें. निसटलेला नट थेट चेहऱ्यावर येतो. तो टिकला तरच सारा भार त्यावर न्यावा, दोर त्यांत अडकवावा, आणि शिडीच्या वरच्या पायऱ्यांवर जाऊन पुढें हात करावा. पन्नास फुटांना कित्येक तास लागतात. खालीं दोर धरणाऱ्या सोबत्याच्या धीराचें कौतुक मात्र फारसें कोणी करीत नाहीं.

खरें भय निराळेंच आहे. माणसाचा नुसता भार पेलणारा नट त्याच्या पडण्याचा हिसका पेलेलच असें नाहीं. वरचा निखळला कीं खालचे एकामागून एक सुटत जातात. या चढाईची पहिली श्रेणी म्हणजे प्रत्येक आधार पडणें झेलील अशी. पांचव्या श्रेणींत सबंध टप्प्यांतील एकाही आधाराची तशी खात्री नसते. शिकणाऱ्यानें पहिलींतच पुष्कळ दिवस रमावें, आणि तेंही आधीं वरून दोर घेऊन, जमिनीपासून हातभर उंचीवर.

आपल्याकडचा खडक लाव्ह्याचा, सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वींचा. घट्ट काळ्या थरांतील उभी भेग विश्वासाची. दोन थरांमधील तांबडी मातकट पट्टी मुळींच नव्हे. मेख ठोकतांना तिचा आवाज चढत जाऊन खणखणीत झाला तर ती बसली. बद्द वाजली तर काढून घ्यावी. कोंकणच्या पावसांत आणि खाऱ्या वाऱ्यांत जुन्या मेखा आंतून गंजतात, त्यांवर भरंवसा ठेवूं नये. कड्याला आग्या माशांचें मोहोळ असेल तर तो दिवस सोडून द्यावा. शिडीवर लोंबकळणाऱ्यास पळतां येत नाहीं.

मेख ठोकावी तितकी भेग फुटते, ही अडचणही आहेच. अमेरिकेंतील मेखा बनविणाऱ्या इव्हॉन शुइनार यानेंच १९७२ सालीं आपल्या सूचीपत्रांत मेखांऐवजीं नटांचा पुरस्कार केला. सांकशीच्या खोबणी किंवा रोह्याजवळच्या अवचितगडाचे जुने चिरे यांना तर हातोडी लागतांच कामा नये. सरावाला तेथें मोकळे धोंडे काय थोडे आहेत! अशा धोंड्यावर सोबत्यानेंही मागून दोरावरून चढत येऊन प्रत्येक नट काढून पाहावा. कोणता सहज सुटला, कोणता घट्ट रुतला, हें त्यानें वर पोंचल्यावर पुढच्याला सांगावें.