मानधन म्हणजे वेतन नव्हे काय?



व्यवहारात शब्दाचा अर्थ बोलणारे आणि ऐकणारे मिळून ठरवितात. कायद्यात तो व्याख्येचे कलम ठरविते. 'या कायद्यात अमुक शब्दाचा अर्थ असा' हे आरंभीचे कलम सामान्य वाचक ओलांडून पुढे जातो. वस्तुतः हक्क कोणाला मिळणार आणि कोण वगळला जाणार, याचा निकाल बहुधा तेथेच लागलेला असतो.

'कामगार' हा शब्द घ्या. राबून पोट भरतो तो कामगार, ही लोकांची समजूत. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने मात्र कामाचे प्रकार मोजून सांगितले होते: अंगमेहनतीचे, तांत्रिक, कारकुनी, देखरेखीचे इत्यादी. १९७८ साली बंगलोर पाणीपुरवठा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 'उद्योग' या शब्दाची कक्षा रुंदावली आणि शिक्षणसंस्थाही तीत आल्या. पुढे १९८८ साली गोव्यातील एका शिक्षिकेच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने निर्णय दिला की, शाळा हा उद्योग असला तरी शिक्षक हा कामगार नव्हे. अध्यापन हे उदात्त कार्य आहे. शाळेतल्या कारकुनाला त्या कायद्याचा जो आधार होता, तो शिक्षकाला नाकारला गेला. गौरव पदरी पडला, हक्क हातचा गेला.

सेवेच्या अखेरीस मिळणाऱ्या उपदानाच्या, म्हणजे ग्रॅच्युइटीच्या बाबतीतही तेच घडले. १९७२ च्या कायद्यातील 'कर्मचारी' या व्याख्येत शिक्षक बसत नाही, असा निर्णय २००४ साली झाला. संसदेने २००९ साली व्याख्या बदलली आणि ती ३ एप्रिल १९९७ पासून लागू केली. शिक्षकाचे काम तेच होते; बदलली ती केवळ शब्दरचना.

आता 'मानधन' पाहा. व्याख्यात्याला शाल-श्रीफळाबरोबर पाकिटातून देतात ते मानधन, हा आपला परिचयाचा अर्थ. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. तीत राबणाऱ्या स्त्रियांना 'सेविका' आणि 'मदतनीस' म्हटले गेले आणि त्यांच्या मोबदल्याला 'मानधन'. मुलांना आहार देणे, त्यांची वजने घेणे, त्यांना शिकविणे, नोंदी ठेवणे, ही कामे वर्षानुवर्षे करूनही नोकरीचे हक्क मागताच हे शब्द आड येत. गुजरातमधील सेविका-मदतनिसांच्या प्रकरणात २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे मानधन उपदान कायद्यातील 'वेतन'च ठरविले आणि त्यांचा उपदानाचा हक्क मान्य केला. ज्या कायद्याच्या आधारे तो मिळाला, तो तेव्हा पन्नास वर्षांचा होत आला होता.

कायद्याला नेमके शब्द हवेत, यात वाद नाही. संदिग्ध कायदा दुबळ्याचे रक्षण करीत नाही. परंतु नेमकेपणाची रेषा कोण आखतो आणि ती कोणाच्या दारावरून जाते, हा प्रश्न राजकीय आहे. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत 'गिग कामगार' अशी नवी व्याख्या आली: मालक-नोकर या पारंपरिक नात्याबाहेर राहून काम करणारा आणि कमावणारा. त्याला कामगार हे नाव मिळाले. मात्र ज्या नात्यातून कामगाराचे बहुतेक हक्क निघतात, त्याच्या बाहेर त्याला उभे केले गेले.

म्हणून विधेयक आले की संघटनांनी प्रथम व्याख्येचे कलम वाचावे आणि ते सभासदांना त्यांच्या बोलीत समजावून सांगावे. दुरुस्ती सुचवायची ती तेव्हाच. न्यायालयाच्या दारी तोच शब्द सोडविताना माणसाचे उभे आयुष्य निघून जाते.