केसपेपरवरचे दुसरे नाव



 रुग्णालयात काम करणाऱ्या आपल्या सर्वांसमोर मी एकच मागणी मांडणार आहे. मोटर न्यूरॉन आजाराचे निदान लिहिले जाते त्याच दिवशी, त्याच केसपेपरवर, शुश्रूषा करणाऱ्या पतीचे किंवा पत्नीचे नाव लिहिले जावे, आणि ते ‘नातेवाईकाची सही’ या रकान्यात नसावे. त्या माणसाची झोप, पाठ, वजन, मन:स्थिती आणि नोकरी यांची नोंद पुढच्या प्रत्येक भेटीत व्हावी.

ही मागणी करुणेपोटी केलेली वाटेल. करुणा त्यात आहेच, पण तिचा आधार वैद्यकीय आहे. या आजाराच्या ए.एल.एस. या सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकाराला झाँ-मार्टिन शार्को यांनी १८७४ मध्ये नाव दिले. त्यानंतरच्या दीडशे वर्षांत आपल्या हाती फार थोडी औषधे आली. अमेरिकेत १९९५ मध्ये मान्यता मिळालेले रिलुझोल आयुष्य साधारण दोन-तीन महिन्यांनी वाढवते. इंग्लंडमधल्या न्यूकॅसल येथे ४१ रुग्णांवर झालेला आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आपल्याला परिचित आहे: गिळण्याचे-बोलण्याचे स्नायू बऱ्यापैकी शाबूत असलेल्या रुग्णांचे आयुष्य मास्कच्या श्वासयंत्राने मध्यकानुसार २०५ दिवसांनी वाढले, आणि ते दिवस अधिक सुसह्यही झाले. पण ज्याला स्वत:चा हात उचलता येत नाही, त्याला तो मास्क चढवतो कोण? हवा डोळ्यांत जाऊ लागली की पट्टा कोण आवळतो? मध्यरात्री वीज गेली तर यंत्र इन्व्हर्टरवर चालू आहे ना, हे कोण पाहतो? आपल्याकडे बहुतेक घरांत याचे उत्तर एकच असते. जे २०५ दिवस आपण यंत्राच्या खात्यावर मांडतो, ते शेजारी जागणाऱ्या माणसाच्या हातून रुग्णापर्यंत पोहोचतात. तो माणूस कोसळला तर ते श्वासयंत्र कपाटावर धूळ खात पडते.

आणि हे काम नुसते ‘जवळ बसणे’ नाही. या आजारात स्पर्श आणि वेदना बहुधा शाबूत राहतात. म्हणजे चादरीची सुरकुती टोचते, कपाळावर डास बसलेला कळतो, आणि हात मात्र हलत नाही. म्हणून रात्रीतून अनेकदा कूस बदलावी लागते, सक्शन करावे लागते, हनुवटी खाली घेऊन एकेक घोट पाजावा लागतो, पुढे पोटात बसवलेल्या पेग ट्यूबमधून अन्न द्यावे लागते. वाचा गेली तरी डोळ्यांची हालचाल सहसा टिकते, तेव्हा अक्षरांच्या पारदर्शक फळीवर नजर कुठे थांबते ते वाचावे लागते. मराठीत तर आधी व्यंजन, मग काना-मात्रा-वेलांटी, अशी प्रत्येक अक्षराला दोन दोन वळणे. ‘पाणी’ हा शब्द पुरा व्हायला किती धीर लागतो, ते ही फळी धरणाऱ्यालाच कळते. त्यातच सुमारे निम्म्या रुग्णांत विचारशक्तीत किंवा वागण्यात कमीअधिक बदल होतात. काहींना अकारण हसू-रडू आवरत नाही. हा आजाराचा भाग आहे असे कोणी आधी सांगितले नाही, तर जोडीदार तो घाव स्वत:वर घेतो. यातले प्रत्येक कौशल्य रुग्णालयात प्रशिक्षित माणसाच्या हाती असते. घरी मात्र एका दुपारच्या सूचनांवर आपण ते एकाच व्यक्तीवर चोवीस तासांसाठी सोपवतो.

याला पहिला आक्षेप आपल्या संस्कृतीच्या नावाने येतो: जोडीदाराची सेवा हा धर्म आहे, त्यात नोंदी आणि वाटे कसले? सेवेबद्दलचा हा आदर मलाही आहे. पण हा धर्म कोणाच्या वाट्याला किती येतो, ते पाहा. देशव्यापी वेळ-वापर सर्वेक्षणात, २०१९ मध्ये, घरातल्यांची विनावेतन देखभाल करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी १३४ मिनिटे देत होत्या आणि पुरुष ७६. घरकामाचे आकडे अनुक्रमे २९९ आणि ९७ होते. आजारपण येते ते या आधीच भरलेल्या दिवसावर. शिवाय १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, आजारी जोडीदाराची शुश्रूषा करताना ताण जाणवणाऱ्या वृद्धांचा मृत्यूचा धोका, तशी जबाबदारी नसलेल्यांपेक्षा चार वर्षांच्या काळात ६३ टक्क्यांनी जास्त आढळला. ज्या कर्तव्यात एवढा धोका आहे, त्याला आदरासोबत संरक्षणही द्यावे लागते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ओपीडीत रुग्णाला पाच मिनिटे मिळत नाहीत, तिथे जोडीदाराला कुठून द्यायची? पैसा आणि माणसे कमी आहेत, हे खरेच. तरी कायदा आपल्या बाजूने आहे. अपंग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये जास्त आधाराची गरज असलेल्यांसाठी काळजीवाहक भत्त्याची तरतूद आहे, जरी ती शासनाच्या आर्थिक क्षमतेच्या अटीत बांधलेली असली तरी. प्राप्तिकराच्या नियमांतील विशिष्ट आजारांच्या यादीत मोटर न्यूरॉन आजाराचे नाव आहे. केंद्राच्या महिला कर्मचाऱ्यांना बालसंगोपनासाठी सेवाकाळात ७३० दिवसांची रजा मिळते. आजारी जोडीदारासाठी तशी रजा मागणे अवास्तव कसे? केरळने २००८ मध्ये उपशामक सेवेचे धोरण स्वीकारून घरभेटी पंचायतींपर्यंत नेल्या. मुद्दाम श्रीमंत देशाचे उदाहरण देत नाही.

एक गोष्ट तर पैशाविना होते, आणि तिच्यावाचून सर्वाधिक हानी होते. श्वास अडकल्यावर अतिदक्षता विभागाच्या दारात आपण पत्नीला किंवा पतीला विचारतो, ‘नळी घालायची का?’ एका सहीत कदाचित यंत्रावरची वर्षे, कदाचित मृत्यू. हा प्रश्न बोलता येत असताना, दिवसाउजेडी, रुग्णालाच विचारायला हवा होता. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये आगाऊ वैद्यकीय निर्देशाला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. हे बोलल्याने रुग्ण खचतो, असे आपले सहकारी म्हणतात. न बोलल्याने तो प्रश्न टळत नाही. तो दुसऱ्या माणसाच्या माथी जातो, आणि ‘आपण बरोबर केले ना’ या रूपाने तिथे वर्षानुवर्षे राहतो.

काही जोडीदार मदत नाकारतात, नर्सिंग ब्युरोच्या माणसाला खोलीत येऊ देत नाहीत. त्यांच्यावर सक्ती नको. मात्र आठवड्यातून दोन रात्री दुसऱ्या कोणी जागले, तर उरलेल्या वेळात ते नवरा-बायको म्हणून एकमेकांजवळ बसू शकतात, हे त्यांना सांगणे आपले काम आहे. आणि मृत्यूनंतर भाड्याचे यंत्र न्यायला कोणी तरी त्या घरी जातेच. त्या दिवशी आपल्यापैकीही एकाने जावे, बसावे, झोप लागते का ते विचारावे आणि त्याच केसपेपरवर उत्तर लिहून घ्यावे.