न पाहिलेलं कोल्हापूर
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



माझी ओळख 'मानवशास्त्राच्या अभ्यासक' अशी करून दिल्यावर मागून "म्हंजे काय गं?" असा आवाज आला. बाक तोच, आवाजही तोच! तर सोपं करून सांगते. नव्या गावात जाऊन राहायचं, लोक काय करतात ते बघायचं, विचारायचं आणि रात्री वहीत लिहायचं. कॅमेरा असला तर तोही वहीसारखाच वापरायचा.

आमच्या विद्येतलं मोठं नाव म्हणजे इरावती कर्वे. त्या वारीत चालल्या. एकाच दिंडीत ब्राह्मण आणि मराठे वेगळे जेवतात हे त्यांना खुपलं, तेव्हा त्या मराठा बायकांत जाऊन जेवल्या. पुढे हायडेलबर्गच्या गुंथर सोंथायमर यांनी हेनिंग स्टेगम्युलर यांच्यासोबत वारीवर चित्रपट केला. तो पुण्यात शिकताना पाहिला आणि मी कॅमेऱ्याच्या नादाला लागले.

तीसेक वर्षं परक्या शहरांत हे काम केलं. दोन वर्षांपूर्वी कोल्हापुरी चप्पल हा विषय घेऊन घरी आले. म्हटलं, आपलंच गाव, इथं काय अवघड? महिनाभर चप्पल लाइनीत फिरले. दुकानदार, गिऱ्हाइकं, टांगलेल्या कापशी, करकर वाजणारे जोड. शेकडो फोटो झाले. एका संध्याकाळी ते बघत बसले, तर त्यांत विकणारे सगळे होते, चप्पल करणारं एक माणूस नव्हतं.

मग सुभाषनगरकडे निघाले आणि वाटेत पाय जड झाले. पाच वर्षं माझ्या बाकावर बसलेली मैत्रीण तिथलीच. माझ्या डब्यातली भाकरी तिनं खाल्ली, माझी गणितं तिनं सोडवली. ती आमच्या घरी सोप्यापर्यंत यायची. तिच्या घरी मी एकदाही गेले नव्हते. कुणी नको म्हटलं नव्हतं. मला कधी सुचलंच नाही, आणि का सुचलं नाही हे आपल्याला सगळ्यांना ठाऊक आहे.

गेले ती तिच्याच दारात. तिनं चहा दिला आणि कॅमेरा पिशवीत ठेवायला लावला. "आधी बस. बघ. मग काढ." आठ दिवस बसले. बाभळीची साल आणि हिरडा यांनी कातडं कमावतात, एवढं मी वाचून गेले होते. पण पट्ट्यावरची वेणी घरातल्या बायका घालतात, चूल आणि पोरं सांभाळून, हे तिच्या आईची बोटं बघताना कळलं. दुकानात त्या दिसत नाहीत, म्हणून माझ्या फोटोंतही नव्हत्या. डोळे पुस्तकानं तयार होत नाहीत, हे मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगायचे बरं का!

नवव्या दिवशी पहिला फोटो काढला. आई हसून म्हणाल्या, "खाली तुजं नाव येणार, पोरी. आमचं कुटं येणार?" मला उत्तर देता आलं नाही.

जून २०२५मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडानं अगदी कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, कोल्हापूरचं नाव न घेता. आपण सगळे तापलो. २०१९मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या चार-चार जिल्ह्यांना मिळून भौगोलिक मानांकन मिळालेली आपली चप्पल! पुढे कंपनीनं तिचं भारतीय मूळ मान्य केलं. मीही आपल्या ग्रुपवर रागाचा लांबलचक मेसेज लिहायला घेतला होता. अर्ध्यात आईंचा प्रश्न आठवला. माझ्या त्या शेकडो फोटोंखाली तरी कुणाचं नाव होतं? मेसेज पुसला.

आता फोटोखाली करणाऱ्याचं नाव घालते, विचारून. नको म्हणतात त्यांचं घालत नाही. मजकूर मैत्रीण तपासते. काल तिनं चौदा चुका काढल्या, गणिताच्या वहीत काढायची तशाच.

ते फोटो बाहेर व्हरांड्यात लावलेत. जेवायला बसण्याआधी बघून घ्या. ती तिथंच उभी आहे, काही विचारायचं तर तिला विचारा.