शेवटची गोळी किती वाजता घेतली?

(रेडिओवरून प्रसारित झालेले भाषण)



आज एकच मागणं घेऊन आलो आहे. रक्त पातळ ठेवणारी गोळी घेणाऱ्या प्रत्येकाच्या खिशात एक चिठ्ठी हवी. गोळीचं नाव काय, शेवटची कधी घेतली आणि कशासाठी घेता, एवढंच तिच्यावर लिहायचं.

आमच्या पुण्यातल्या कसबा पेठेत जुन्या वाड्यांचे लाकडी जिने अजून आहेत. अंधारे, उभे, पायऱ्या झिजलेल्या. सत्तरी ओलांडलेली माणसं दिवसातून चारदा ते चढतात-उतरतात. तांबट आळीतून कुणी पडून आलं, डोक्याला मार आहे, की आम्ही डॉक्टर आधी विचारतो, गोळ्या कोणत्या चालू आहेत? उत्तर ठरलेलं. "ती रक्त पातळ करायची." अहो, पण कोणती? मुलगा सुनेकडे बघतो, सून आजींकडे. आजी म्हणतात, "ती छोटी, पांढरी." एसिट्रॉमही छोटी आणि पांढरी, इकोस्प्रिनही तशीच. पण एकीचा उतारा दुसरीला चालत नाही.

दह्याचं उदाहरण घेऊ. दुधाला विरजण लागतं तेव्हा ते थिजतं. रक्त गोठवणारं विरजण म्हणजे थ्रॉम्बिन, आणि त्याचा कच्चा माल आपलं यकृत व्हिटॅमिन के वापरून तयार करतं. एसिट्रॉम किंवा वॉरफेरिन तो मालच नीट होऊ देत नाही. मग त्यावर व्हिटॅमिन के शिरेतून दिलं की काम भागलं, असं घरच्यांना वाटतं. तसं होत नाही. घरात विरजण नव्यानं तयार व्हायला वेळ लागणारच. परिणाम दिसू लागायला सुमारे सहा तास आणि पुरता यायला जवळपास दिवस. मेंदूत रक्तस्राव चालू असेल तर तेवढी सवड नसते.

म्हणून शेजारून विरजण आणायचं. हे शेजारी म्हणजे रक्तदाते. त्यांचा प्लाझ्मा देता येतो, पण तो ताकासारखा, विरजण त्यात असतं थोडं. मोठ्या माणसाला लिटरभर लागू शकतो, आणि हृदय आधीच थकलेलं असेल तर तेवढं पाणी सोसत नाही. त्याच प्लाझ्मापासून काढलेलं घट्ट औषध असतं, त्याला पीसीसी म्हणतात. थोडंसंच पुरतं आणि मिनिटांत काम करतं. मात्र उसनं विरजण संपतं. त्यातला सातव्या क्रमांकाचा घटक काही तासांतच ओसरतो, म्हणून सोबत व्हिटॅमिन केही द्यावंच लागतं.

आता नव्या गोळ्या. डॅबिगाट्रान विरजणाला हात लावते ती ते तयार झाल्यावर, थ्रॉम्बिनलाच धरून ठेवते. तिच्यासाठी इडारुसिझुमॅब नावाचं इंजेक्शन आहे. अमेरिकेत त्याला 2015 मध्ये परवानगी मिळाली. पाच ग्रॅमची मात्रा गोळीचं औषध पकडून बाजूला करते आणि अडकलेलं विरजण मोकळं होतं. हे इंजेक्शन स्वतः रक्त गोठवत नाही. आणि रिव्हारोक्साबान, एपिक्साबान या दुसऱ्या नव्या गोळ्या घेणाऱ्यांना त्याचा काडीचा उपयोग नाही! नाव विचारतो ते यासाठी.

वेळ विचारतो ती कशासाठी? एसिट्रॉमवाल्यांचं आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते, तपासलं की अंदाज येतो. नव्या गोळ्यांचा अंश रक्तात किती उरलाय, हे त्या तपासणीतून भरवशानं कळत नाही. गोळी दोन तासांपूर्वी पोटात गेली असेल तर कोळशाची पूड देऊन ती आतड्यातच अडवता येते. दोन दिवसांपूर्वी घेतली असेल आणि मूत्रपिंड ठीक असेल, तर बहुतेक औषध निघून गेलेलं असतं. मग उताऱ्यातून फायदा थोडा आणि गुठळीचा धोका पदरात. मूत्रपिंड मंद असेल तर हा हिशेब पार बदलतो, विशेषतः डॅबिगाट्रानचा, पण तो विषय मोठा आहे, आज राहू दे.

तिसरी ओळ, कशासाठी, ही लोक हमखास गाळतात. म्हणून पुन्हा सांगतो. उतारा दिल्यावर दूध पुन्हा थिजू लागतं, आणि नको तिथेही थिजू शकतं. हृदयाचे ठोके अनियमित असतील तर ते तसेच आहेत. हृदयात बसवलेली धातूची झडप तिथेच आहे. झडप असलेल्या माणसाला व्हिटॅमिन के भरमसाट दिलं, तर पुढे कित्येक दिवस एसिट्रॉम लागू पडत नाही आणि झडपेवर गुठळी बसू शकते. नव्या गोळ्यांचंही तसंच. रिव्हारोक्साबान आणि एपिक्साबानसाठी अँडेक्सानेट नावाचा उतारा निघाला. मेंदूतल्या रक्तस्रावावर त्याचा मोठा अभ्यास 2024 मध्ये प्रसिद्ध झाला. रक्तस्राव जास्त जणांत आटोक्यात राहिला, हे खरं. पण गुठळीमुळे होणारा पक्षाघात, उतारा घेतलेल्या शंभरांत साडेसहा जणांना आणि नेहमीचे उपचार घेतलेल्या शंभरांत दीड जणाला, असं प्रमाण निघालं. डॉक्टरांना दोन्हीकडचं तोलावं लागतं. गोळी कशासाठी चालू आहे हेच माहीत नसेल, तर तोलणार काय?

आणखी एक. रक्तस्राव थांबल्यावर भीतीनं गोळी कायमची सोडणारी माणसं मी पाहतो. असं करू नका हो! गोळी पुन्हा कधी सुरू करायची हे ज्याचं-त्याचं वेगळं असतं, पण ते डॉक्टरांना विचारा, शेजाऱ्यांना नको. इकोस्प्रिन, क्लोपिडोग्रेलचं मी अजून काही बोललोच नाही, त्या प्लेटलेटवर काम करतात आणि वरचा एकही उतारा त्यांना... वेळ संपत आल्याची खूण झाली आहे.

तेव्हा चिठ्ठी. फोनमध्ये नको, फोनला कुलूप असतं आणि तुम्ही बेशुद्ध असाल. कागदावर लिहा, खिशात किंवा पर्समध्ये ठेवा. गोळी घेतल्याची वेळ रोज कालनिर्णयावर त्या तारखेच्या चौकोनात टाका, आणि ते कुठे टांगलंय हे घरात सगळ्यांना ठाऊक असू द्या. अनंत चतुर्दशीला आमच्याकडचे रस्ते बंद असतात, रुग्णवाहिकेला वळसा पडतो. ससून रुग्णालयात पोचेपर्यंत गेलेला वेळ कुणी भरून देऊ शकत नाही. तिथे पोचल्यावर गोळीचं नाव शोधण्यात तरी तो जाऊ नये. आज जेवणं झाली की घरातल्या मोठ्यांच्या गोळ्यांचा डबा काढा आणि लिहायला बसा.